मळू द्या की हात!

माझी नात नर्सरीत. दोन ओळी गिरवल्या की "आजी, बोटं दुखतात" म्हणून रडायची. पोळ्याच्या आधी मी बोडीवरची चिकणमाती आणली. "कपडे खराब होतील," सूनबाई कुरकुरली. पण माती मळताना, बैलाची शिंगं वळताना इवल्या बोटांत जोर येतो. तोच पुढे पेन्सिल धरायला कामी येतो. बैल मोडला, तिने न रडता पुन्हा केला!

हे काही नवं खूळ नाही. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षण सुरू केलं, ते आसपासच्या साध्यासुध्या वस्तूंवरच. मैत्रिणींनो, तीन वर्षांच्या लेकराला आधी माती द्या, पेन्सिल मागाहून. हात काय, धुता येतात!