झाडीपट्टीचा पुढचा हंगाम कसा असेल? वडशाच्या 'लाइन-अप'चा अंदाज कशावरून बांधायचा?

उन्हाळा आला की युरोप-अमेरिकेतल्या संगीत महोत्सवांच्या लाइन-अपवरून सोशल मीडियावर पैजा लागतात. मुख्य मंचावर कोण, शेवटच्या रात्री कोण, कोणाचं नाव ऐनवेळी गळणार, यावर हजारो लोक हिरिरीने बोलतात. यंदा त्यातला सगळ्यात गाजलेला ग्लास्टनबरी महोत्सव होणारच नाहीये. इंग्लंडमधल्या ज्या डेअरी फार्मवर तो भरतो, त्या जमिनीला विश्रांती मिळावी म्हणून 2026 हे वर्ष रिकामं ठेवलं आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीचा महोत्सवही शेतातच भरतो. धान कापून झालेल्या बांधीत मंडप उभा राहतो, समोर ऑर्गन आणि तबला मांडला जातो आणि रात्रभर नाटक चालतं. फक्त इथलं कॅलेंडर उलटं आहे. इथे उन्हाळा म्हणजे सुट्टी. भाऊबीजेला पडदा उघडतो आणि होळीच्या सुमारास पडतो. पण पुढच्या हंगामात कोण कोणत्या कंपनीत असेल, नवं नाटक कुणाचं येईल, गावाला यंदा नाटक परवडेल का, ही चर्चा मात्र याच मोकळ्या महिन्यांत रंगते. तिला लाइन-अप म्हणत नाहीत एवढंच.

आधी थोडक्यात: झाडीपट्टी म्हणजे काय?

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतला जंगलाचा आणि धानाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. दंडार, खडी गंमत अशा लोककलांची इथे जुनी परंपरा. त्यातून आणि संगीत नाटकांच्या प्रभावातून इथली स्वतंत्र रंगभूमी तयार झाली. पूर्वी गावातली पोरंच नाटक बसवायची आणि स्त्री भूमिकांसाठी बाहेरून कलावंत बोलवायची. हळूहळू व्यावसायिक कंपन्या आल्या. आज त्यांचं केंद्र आहे गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजेच देसाईगंज. गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरचं हे गाव. हंगामात इथे पन्नासच्या आसपास नाट्य कंपन्यांची कार्यालयं थाटलेली असतात आणि बाहेर कलावंतांच्या फोटोंचे भलेमोठे फलक लागतात.

मुंबई-पुण्यात हे जग बरंच उशिरा पोहोचलं. 2022 मध्ये तृषांत इंगळे यांचा 'झॉलीवूड' हा चित्रपट आला. 2023 मध्ये झाडीपट्टीतले ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी पाच हजारांहून अधिक प्रयोगांत आठशे वेगवेगळ्या भूमिका केल्याचं तेव्हा सरकारने सांगितलं होतं. आठशे हा आकडा पुन्हा वाचा. तो या रंगभूमीच्या वेगाविषयी बरंच काही सांगतो. आज हे नाटक, उद्या ते, परवा तिसरंच. म्हणून इथे प्रॉम्प्टर असण्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

लाइन-अप ठरवतं कोण?

इथेच मोठ्या महोत्सवांशी असलेला फरक कळतो. ग्लास्टनबरीची तिकिटं नावं जाहीर होण्याआधीच संपतात. लोक महोत्सवावर विश्वास ठेवतात. मुंबईत 2023 पासून होणाऱ्या लोलापालूझामागे मोठ्या कंपन्या आणि प्रायोजक असतात. झाडीपट्टीत निवड करतं ते गावातलं मंडळ.

मंडळाचे चार-पाच जण वडशाला जातात. चार कार्यालयं फिरतात, फलक पाहतात, चहा घेतात, भाव करतात आणि एक तारीख पक्की करतात. कंपनीला ठरलेली रक्कम मंडळाने द्यायची, मंडप आणि तिकीटविक्री मंडळाने बघायची. फायदा झाला तर देऊळ, शाळा, समाजमंदिर असं काहीतरी गावाचं काम होतं. तोटा झाला तर तो त्या चार-पाच जणांच्या घरातून जातो. कलावंताला एका प्रयोगाचे, म्हणजे एका 'नाईट'चे पैसे मिळतात. त्याचीही कमाई हंगामात किती नाईट लागल्या यावरच.

म्हणजे जोखीम कुणा प्रायोजकाची नाही, धान पिकवणाऱ्या माणसांची आहे. त्यामुळे पुढच्या हंगामाचा अंदाज करायचा असेल तर आधी पंचांग आणि धानाचे चुकारे पाहावे लागतात. फलकावरचे चेहरे नंतर.

पंचांग काय सांगतं?

यंदा अधिक ज्येष्ठ आहे, 17 मे ते 15 जून. त्यामुळे दिवाळी लांबली. गेल्या वर्षी भाऊबीज 23 ऑक्टोबरला होती, यंदा ती 11 नोव्हेंबरला आहे. धुळवड 2026 मध्ये 3 मार्चला होती, 2027 मध्ये ती 22 मार्चला येते. हंगामाची लांबी जवळपास तेवढीच, सुमारे 131 दिवस. पण सगळा हंगाम जवळजवळ तीन आठवडे पुढे सरकतो.

याचा पहिला परिणाम चांगला आहे. पूर्व विदर्भात हलका धान दिवाळीच्या आसपास कापणीला येतो आणि भारी धान त्यानंतर. गेल्या वर्षी भाऊबीजेला बरंचसं पीक शेतातच उभं होतं. त्यातच ऑक्टोबरच्या अखेरीस 'मोंथा' चक्रीवादळाचा पाऊस पूर्व विदर्भात आला आणि ऐन कापणीच्या वेळी धान भिजला. ज्याची बांधी पाण्यात, तो मंडपाची वर्गणी कुठून देणार? यंदा पहिला पडदा उघडेल तेव्हा बराच धान घरात आलेला असेल. सुरुवातीच्या बुकिंगला त्यामुळे जोर राहील, असा माझा अंदाज आहे. अर्थात पावसाने साथ दिली तर.

दुसरा परिणाम शेवटच्या टप्प्यावर आहे. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत प्रयोग चालतील, तेव्हा दहावी-बारावीच्या परीक्षांचे दिवस असतील. 2026 मध्ये बारावीची परीक्षा 10 फेब्रुवारीला आणि दहावीची 20 फेब्रुवारीला सुरू झाली होती. ज्या गावात दहा पोरं परीक्षेला बसलीत, तिथे रात्रभर भोंगा लावायला सरपंच दोनदा विचार करतो. शिवाय मार्चमध्ये इथलं ऊन चांगलंच तापलेलं असतं. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीची नावं दर उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांच्या यादीत येतात, ते काही उगाच नाही. एकूण नाईट फारशा कमी होणार नाहीत, पण त्या डिसेंबर-जानेवारीत दाटतील. चांगल्या कलावंतांच्या तारखा याच दोन महिन्यांत मिळेनाशा होतील. आपल्या गावाला अमुक जोडी हवीच असेल, तर मंडळाने दसऱ्यालाच वडसा गाठावं.

आणि पैसा?

2025-26 साठी साधारण धानाची हमी किंमत क्विंटलला 2,369 रुपये होती, त्याआधीच्या वर्षी 2,300. त्या आधीच्या हंगामासाठी राज्याने हेक्टरी 20 हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, असा बोनसही जाहीर केला होता. पण हमी किंमत कागदावर असते. नाटकासाठी महत्त्वाचं असतं ते पैसे खात्यात केव्हा पडले हे. खरेदी केंद्र उशिरा सुरू झालं, बारदाना संपला, आदिवासी विकास महामंडळाचे किंवा मार्केटिंग फेडरेशनचे चुकारे अडकले, की शेतकरी गरजेपोटी व्यापाऱ्याला कमी भावात धान घालतो. गावातला पैसा आटला की पहिली काट मंडई आणि नाटकाच्या वर्गणीवर बसते. नोव्हेंबरच्या शेवटी चुकारे वेळेवर झाल्याच्या बातम्या दिसल्या, तर जानेवारीतलं बुकिंग भरलेलं असेल असं खुशाल समजा. फलकापेक्षा हा अंदाज जास्त खरा ठरतो.

शंकरपटाचंही असंच. बैलांच्या शर्यतींवर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्राला सशर्त परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. पट असतो तेव्हा लेकी-जावई, पाहुणे गावात येतात, सोयरिकी जुळतात, आणि रात्री त्या एकाच गावात दोन-तीन मंडप लागतात. बंदीच्या वर्षांत हे निमित्तच गेलं होतं. त्यानंतर 2020 च्या दिवाळीनंतरचा हंगाम कोरोनाने गिळला. आता पट परत आलाय आणि त्याच्या तारखांना सर्वाधिक मागणी राहणार, यात शंका नाही.

यंदा मंचावर काय दिसेल?

प्रामाणिकपणे सांगायचं तर, फारसं काही बदलणार नाही. रडवणारी कौटुंबिक कथा, एक खलनायक, त्याला पुरून उरणारा विनोदी नट, भरपूर गाणी आणि मध्ये एक लावणी. हा साचा लोकांना हवा आहे आणि तोटा सोसायची ताकद नसलेल्या मंडळाला तो सुरक्षित वाटतो. फलकावर सगळ्यात मोठा फोटो गाणाऱ्या नायिकेचा किंवा विनोदी नटाचा असेल. नाटककाराचं नाव शोधावं लागेल.

पण याच साच्यात राहून काहींनी वेगळे विषय आणले, हेही विसरू नये. नवरगावच्या सदानंद बोरकरांनी शेतकरी आत्महत्येसारखा विषय या मंडपात आणला आणि लोकांनी तो रात्रभर बसून पाहिला. अनिरुद्ध वनकर यांच्यासारख्या गायक-कलावंताने प्रबोधनाचा सूर धरला. म्हणून माझी आशा अशी की यंदा तरी दोन-चार कंपन्या वाघावर नाटक करतील. मोहफुलं आणि तेंदूपत्ता वेचायला गेलेली बाई परत येत नाही, हे या दोन जिल्ह्यांतलं दर उन्हाळ्याचं वास्तव आहे. नाटक संपून लोक उजाडल्यावर घरी निघतात ही जुनी रीत आज तर जास्तच शहाणपणाची वाटते. ज्या प्रेक्षकाच्या घराच्या मागे पाऊलखुणा उमटतात, त्याच्यासाठी हा विषय परका नाही. अंदाज विचाराल, तर मात्र एखादंच नाटक येईल.

धोका कुठे आहे?

धोका 'डान्स हंगामा'चा आहे. गेल्या काही वर्षांत पूर्व विदर्भात मंडईच्या रात्री नाटकाऐवजी किंवा नाटकाच्या आडून असे कार्यक्रम लावले गेले, अश्लीलतेच्या तक्रारी झाल्या, पोलिसांत प्रकरणं गेली. मंडळाच्या बाजूने हिशेब सरळ आहे: कलावंतांचा ताफा लहान, तालीम नको, गर्दी हमखास. पण त्या गर्दीत बायका नसतात. झाडीपट्टीचं नाटक टिकलं ते आजी, सून आणि शाळकरी पोर एकाच सतरंजीवर बसतात म्हणून. ती सतरंजी रिकामी झाली की तिकिटाचं गणितही पुढच्या वर्षी कोसळतं. दोष नाचणाऱ्या मुलींवर ढकलणं सोपं आहे, आणि आपल्याकडे तेच होतं. कार्यक्रम ठरवणारे, वर्गणी देणारे आणि उद्घाटनाला हार घालून घेणारे मात्र निराळेच असतात.

दुसरी अडचण कायद्याची. ध्वनिप्रदूषण नियम 2000 प्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्री 12 पर्यंत सूट देऊ शकतं. झाडीपट्टीचं नाटक सुरूच होतं दहाच्या पुढे. म्हणजे पहिली घंटा झाली की नियम मोडलेला असतो. आजवर हे समजुतीवर निभावलं आहे. पण समजूत म्हणजे परवानगी नव्हे. ती ठाणेदार बदलला की बदलते. शेकडो कुटुंबांची चार महिन्यांची कमाई अशा समजुतीवर टांगलेली असावी का, हा प्रश्न कलावंतांच्या संघटनांनी आणि लोकप्रतिनिधींनी दिवाळीआधी मांडायला हवा. फलकावर उद्घाटक म्हणून ज्यांचे फोटो छापले जातात, त्यांनी तर नक्कीच.

नवीन गावं मिळतील का?

नाटकाचा जोर आजवर राहिला तो वडसा, आरमोरी, कुरखेडा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, सावली, मूल या धानपट्ट्यात. एटापल्ली-भामरागडकडे रात्रीचा प्रवास म्हणजे अनेक वर्षं जिवाशी खेळ होता. 15 ऑक्टोबर 2025 रोजी माओवादी नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. त्यानंतर तिकडचे रस्ते रात्रीही खुले होतील अशी आशा बोलली जाते. कंपन्यांच्या गाड्या लगेच तिकडे वळतील असं मला वाटत नाही. तिथली बोली माडिया-गोंडी आहे, तिथल्या रात्री रेला नृत्याच्या आहेत, आणि वडशाचं मराठी नाटक त्यांना हवंच असेल असं गृहीत धरणं चूक. पण चामोर्शी-आष्टीच्या पुढे एखादी तारीख लागली, तर ती या हंगामातली मोठी बातमी असेल. फलक लागतील तेव्हा तारखांच्या यादीत गावांची नावंही वाचत चला.