विश्लेषण : गाडीत डॅशकॅम असावा का? वाद झाला तर चित्रीकरण कुणाच्या बाजूने बोलते?

टेंभी नाक्यावरून जांभळी नाक्याकडे जाताना रिक्षा आणि मोटार एकमेकांना घासल्या की पुढची दहा मिनिटे काय होते, हे ठाणेकरांना सांगायला नको. दोघे चालक खाली उतरतात. 'तू कट मारलास', 'तू इंडिकेटर दिला नाहीस' सुरू होते. मागे हॉर्नचा कल्लोळ आणि बाजूला बघ्यांचा घोळका, त्यातल्या बहुतेकांनी प्रत्यक्ष धडक पाहिलेलीच नसते. अखेर ज्याला घाई जास्त तो पैसे देऊन सुटतो, नाही तर ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे ठरते. अशा वेळी 'थांबा, माझ्या गाडीत कॅमेरा आहे' असे म्हणता आले तर? या एका वाक्याच्या आशेने गेल्या काही वर्षांत अनेकांनी काचेवर डॅशकॅम चिकटवला. ह्युंदाईने जुलै २०२३ मध्ये आणलेल्या 'एक्स्टर'सारख्या लहान गाडीतही तो कंपनीकडूनच मिळू लागला. पण रोज घर ते कार्यालय एवढीच गाडी चालवणाऱ्याने त्यासाठी पैसे घालावेत का आणि प्रकरण पोलीस ठाण्यात किंवा न्यायालयात गेले, तर त्या चित्रीकरणाला किती वजन असते?

डॅशकॅम नेमके काय करतो?

गाडी सुरू झाली की तो आपोआप चित्रीकरण सुरू करतो. एक ते पाच मिनिटांच्या फिती मेमरी कार्डवर साठवत जातो आणि कार्ड भरले की सर्वांत जुनी फीत पुसून तिच्या जागी नवी लिहितो. धक्का बसला तर आतल्या संवेदकामुळे त्या क्षणाची फीत 'लॉक' होते, म्हणजे ती लगेच पुसली जात नाही. साध्या फुल एचडी कॅमेऱ्याला तासाला साधारण सहा-सात जीबी जागा लागते. म्हणजे ६४ जीबीच्या कार्डवर रोज दोन तासांचा प्रवास करणाऱ्याचे चार-पाच दिवस मावतात. रशियात हे कॅमेरे इतके रुळले होते, की फेब्रुवारी २०१३ मध्ये चेल्याबिन्स्कवर उल्का फुटली तेव्हा जगाने ती पाहिली ती मुख्यतः तिथल्या वाहनचालकांच्या डॅशकॅममधून. तिथेही हे कॅमेरे लागले होते ते उल्केसाठी नव्हे, रस्त्यावरच्या भांडणांसाठी आणि विम्याच्या दाव्यांसाठी.

रस्त्यावर सीसीटीव्ही असताना वेगळा कॅमेरा कशाला?

सीसीटीव्ही चौकात असतो, अपघात कुठेही होतो. सप्टेंबर २०२२ मध्ये उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर अपघाती मृत्यू झाला. गाडी किती वेगात होती, याचा पहिला अंदाज चारोटी नाक्यावरच्या सीसीटीव्हीतील वेळेवरून बांधला गेला. शेवटच्या काही सेकंदांत ब्रेक दाबला होता का, याचे उत्तर मात्र गाडीतच नोंदल्या गेलेल्या माहितीतून शोधावे लागले. मर्सिडीजसारख्या गाडीत ती माहिती मिळते; आपल्या दहा वर्षे जुन्या हॅचबॅकमध्ये ती मिळेलच असे नाही. शिवाय सरकारी सीसीटीव्हीचे चित्रीकरण सामान्य माणसाला हवे तेव्हा हाती लागत नाही. पोलिसांकडे अर्ज करावा लागतो, आणि तोवर जुने पुसले गेलेले असू शकते.

आपल्या भागात त्याचा उपयोग कुठे होतो, कुठे नाही?

इथे रस्त्यारस्त्यात फरक आहे आणि विक्रेते तो सांगत नाहीत. टेंभी नाका, जांभळी नाका, स्थानक परिसर किंवा डोंबिवलीच्या फडके रोडसारख्या ठिकाणी गाडी पंधरा-वीसच्या वेगाने सरकते. इथले बहुतेक ओरखडे दारावर, आरशावर नाही तर मागच्या बंपरवर उमटतात. डावीकडून घुसणारी दुचाकी किंवा मागून टेकणारी रिक्षा फक्त पुढे पाहणाऱ्या कॅमेऱ्याला दिसतच नाही. फार तर धक्क्याचा आवाज आणि आपण स्थिर उभे होतो एवढे नोंदले जाते. तेही अगदी निरुपयोगी नाही, पण दुचाकीचा क्रमांक त्यात मिळणार नाही.

घोडबंदर रस्ता, मुंब्रा बायपास, कल्याण-शीळ रस्ता किंवा नाशिक महामार्गाचा माजिवड्यापासून पुढचा भाग, इथे चित्र उलटे आहे. वेग जास्त, अवजड वाहने सोबत, उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाक्या आणि दुभाजकाच्या फटीतून अचानक रस्ता ओलांडणारे पादचारी. धडक समोरच्या काचेतून दिसेल अशीच होण्याची शक्यता मोठी आणि तिचे परिणामही मोठे. रोज गायमुखचा चढ-उतार करणाऱ्याला पुढचा कॅमेरा जितका उपयोगी, तितका पाचपाखाडीतून फक्त बाजारात जाणाऱ्याला नाही. दाट वस्तीत गाडी चालवायची असेल तर पुढे-मागे दोन्हीकडचा संच घ्यावा, नाही तर अर्धीच गोष्ट नोंदली जाते.

रात्री नंबरप्लेट का वाचता येत नाही?

'फोर के' लिहिलेल्या खोक्यावर विश्वास ठेवून अनेकांचा हमखास अपेक्षाभंग होतो तो इथेच. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात जवळपास १७ मीटर अंतर कापते. अंधारात कॅमेऱ्याला प्रकाश कमी मिळतो, म्हणून तो प्रत्येक चित्रासाठी सेकंदाचा तिसावा भाग तरी घेतो. तेवढ्यात वाहन अर्ध्या मीटरहून पुढे गेलेले असते आणि क्रमांकाची अक्षरे फराटा होतात. समोरून येणारे वाहन असेल तर दोघांचे वेग एकत्र होतात, वर दिव्यांचा झोत आणि पावसाळ्यात काचेवरचे पाणी. नव्या परावर्तक पाट्यांवर आपलाच हेडलाइट पडून त्या नुसत्या पांढऱ्या दिसण्याचाही प्रकार होतो. म्हणजे रात्री धडक देऊन पळालेल्या वाहनाचा पूर्ण क्रमांक मिळेलच, या भरवशावर कॅमेरा घेऊ नये. वाहनाचा प्रकार, रंग, दिशा आणि नेमकी वेळ मात्र मिळते. पुढच्या चौकातल्या सीसीटीव्हीत काय शोधायचे हे पोलिसांना त्यावरून कळते आणि तपासात ही मदत छोटी नसते.

न्यायालयात हे चित्रीकरण चालते का?

चालते, पण पेन ड्राइव्ह पुढे केला आणि काम झाले, असे नाही. याबाबतचा सर्वांत महत्त्वाचा अलीकडचा निकाल महाराष्ट्रातल्याच एका खटल्यातून आला, तोही अपघाताच्या नव्हे, निवडणुकीच्या. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर विजयी झाले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचा दावा होता, की खोतकरांचे उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत उलटल्यानंतर घेतले गेले. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांचे चित्रीकरण. अडचण अशी, की त्यासोबत लागणारे कायदेशीर प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकारी देईनात. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केले, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत सादर करायची तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मूळ उपकरणच न्यायालयात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली, तर त्याची गरज नाही. आणि सर्व प्रयत्न करूनही प्रमाणपत्र मिळत नसेल, तर अशक्य गोष्टीची सक्ती कायदा करत नाही.

१ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ मध्ये प्रमाणपत्राचा नमुना दोन भागांत आहे. एक भाग चित्रीकरण सादर करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात उपकरणाची कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक आणि फाइलचे 'हॅश' मूल्य द्यावे लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसाच. व्हिडिओतला एक सेकंद कापला तरी तो बदलतो.

गाडीमालकासाठी याचा व्यवहारातला अर्थ सोपा आहे. अपघातानंतर चित्रीकरण बंद करून कार्ड काढून ठेवावे, म्हणजे पुढच्या प्रवासात ते पुसले जाणार नाही. त्याची जशीच्या तशी प्रत संगणकावर घ्यावी. पोलिसांनी कार्ड मागितले तर ते पंचनाम्यात नोंदवून द्यावे. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत आकुंचित होते आणि तिचा ठसा मूळ फाइलशी जुळत नाही. ती नातेवाइकांना दाखवायला ठीक. कॅमेऱ्याचे बिल जपून ठेवावे. आणि त्याचे घड्याळ बरोबर आहे ना, हे महिन्यातून एकदा पाहावे. अपघात सायंकाळी सातचा आणि पडद्यावर पहाटेचे चार, असा व्हिडिओ म्हणजे समोरच्या वकिलाला आयते आमंत्रण.

भरपाईशी त्याचा संबंध काय?

खरे तर डॅशकॅमची सर्वांत मोठी किंमत इथे कळते, आणि ती अनेकदा कॅमेऱ्याच्या मालकासाठी नसते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात धडक देऊन पळून जाण्याचे ६७ हजारांहून अधिक अपघात झाले, त्यांत ३० हजारांवर माणसे दगावली. त्या वर्षी रस्त्यावर मृत्युमुखी पडलेल्या एक लाख ६८ हजारांपैकी जवळपास ४५ टक्के दुचाकीवरचे होते.

धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तर मृताच्या कुटुंबाला सरकारी योजनेतून मिळतात दोन लाख रुपये. गंभीर जखमीला ५० हजार. १ एप्रिल २०२२ पूर्वी ही रक्कम अनुक्रमे २५ हजार आणि साडेबारा हजार होती. तेच वाहन सापडले, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे त्याच्या विमा कंपनीविरुद्ध दावा करता येतो. तिथे भरपाई मृताचे वय, उत्पन्न आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे पाहून ठरते. घरातला कमावता तरुण गेला असेल तर ती दोन लाखांच्या कितीतरी पट असू शकते. दोहोंमधला फरक कधी कधी एका क्रमांकाचा असतो, आणि तो मागून येणाऱ्या अनोळखी मोटारीच्या कॅमेऱ्यात असू शकतो. 'आपण कशाला कोर्टकचेरीत पडा' ही भीती समजण्यासारखी आहे. मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ नुसार जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, आणि त्याखालील २०२० च्या नियमांप्रमाणे त्याच्यावर साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही.

वाहन सापडले तरी वाद संपत नाही. मृत किंवा जखमी व्यक्तीचीही चूक होती, असे विमा कंपनी म्हणते आणि न्यायाधिकरणाला ते पटले तर त्या प्रमाणात रक्कम कापली जाते. इथे फौजदारी खटल्याइतका निःसंशय पुरावा लागत नाही, कुणाचे म्हणणे अधिक संभवनीय हे पाहिले जाते. अशा तोलामोलात वीस सेकंदांचे चित्रीकरण पारडे फिरवू शकते.

आणि ते आपल्याच विरोधात गेले तर?

जाऊ शकते. कॅमेऱ्याला मालक कळत नाही. जीपीएस असलेला कॅमेरा आपला वेगही लिहून ठेवतो, माइक सुरू असेल तर आपण फोनवर बोलत होतो हेही. तपासात पोलीस तो जप्त करू शकतात. पुरावा ठरू नये म्हणून चित्रीकरण पुसले, तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. अपघातात चूक नसलेला माणूस या एका घाईत आरोपी होऊ शकतो. ज्याला सिग्नल तोडायची सवय आहे त्याने डॅशकॅम घेण्याआधी विचार करावा, असे म्हणावेसे वाटते. पण खरे तर त्यानेच तो आधी घ्यावा. घरगुती गप्पा नोंदल्या जाऊ नयेत असे वाटत असेल, तर माइक बंद ठेवण्याची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते.

व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकावा का?

शक्यतो नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात वैयक्तिक आणि घरगुती वापराला सूट आहे. हजारो अनुयायांसमोर दुसऱ्याचा चेहरा आणि गाडीचा क्रमांक ठेवणे त्यात बसते, असे म्हणणे कठीण. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मे २०१८ मध्ये डॅशकॅमचे चित्रीकरण अपघाताच्या दाव्यात पुरावा म्हणून मान्य केले, पण सतत सर्वांचे चित्रीकरण करत राहणे माहिती संरक्षणाच्या नियमांत बसत नाही, हेही त्याच निकालात सांगितले. पोलिसांकडे द्यायची गोष्ट आधी रील होऊन फिरली, तर तपासाचेही नुकसान होते.

मग घ्यावा का आणि कोणता?

महामार्गावरून रोजची ये-जा असेल, गाडी चालक चालवत असेल किंवा घरातला नवशिका नुकताच गाडी घेऊन बाहेर पडू लागला असेल, तर घ्यावा. रविवारी उपवन तलावापर्यंत जाणाऱ्या गाडीला त्याची निकड नाही. ते पैसे आधी झिजलेल्या टायरवर घालावेत. कॅमेरा आहे म्हणून विम्याचा हप्ता कमी होईल, अशी सरसकट सवलत आपल्याकडे नाही, त्यामुळे खर्च 'वसूल' होण्याचा हिशेब करू नये.

फक्त पुढचा बरा कॅमेरा साधारण तीन ते सहा हजारांत येतो, पुढे-मागे दोन्ही हवे असतील तर त्याच्या दुपटीपर्यंत. फोर केसाठी जास्तीचे पैसे मोजण्यापेक्षा दोन गोष्टी विचाराव्यात. आत लिथियम बॅटरी आहे की सुपरकपॅसिटर? मे महिन्याच्या उन्हात बंद गाडीची काच प्रचंड तापते, तिथे बॅटरी फुगते आणि सुपरकपॅसिटर टिकतो. आणि कार्ड 'हाय एन्ड्युरन्स' आहे का? साधे कार्ड सततच्या लिहिण्या-पुसण्याने काही महिन्यांत दगा देते, तेही कुणाला न कळवता. बसवताना वायर काचेच्या खांबावरच्या एअरबॅगच्या आडवी जाणार नाही, हे पाहावे आणि कॅमेरा आरशाच्या मागे ठेवावा, म्हणजे चालकाच्या नजरेआड राहतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ओरखडा कोण काढतो हे पकडण्यासाठी 'पार्किंग मोड' हवा असेल, तर गाडीच्या बॅटरीला थेट जोडणी लागते. बॅटरी ठरावीक पातळीखाली गेली की कॅमेरा बंद करणारी सोय त्या जोडणीत नसेल, तर सोमवारी सकाळी गाडी ढकलायला वॉचमनला बोलवावे लागते.