उभी बाटली, आडवी बाटली

फराळाच्या ताटात दारूचा विषय वाढल्याबद्दल घरची वडील मंडळी मला रागावतील, हे मी जाणून आहे. परंतु चिवड्याचा बकाणा भरीत, 'अमुक प्रांताचे लोक पिऊन वाया गेले, आम्ही तेवढे सोवळे' असा निकाल आपल्या दिवाणखान्यांतून सर्रास दिला जातो. माझी तक्रार त्या सोवळ्याविरुद्ध आहे.

आधी आकडे पाहू. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी मद्य घेणारे देशात शेकडा सुमारे १९ आढळले. अरुणाचल प्रदेशात ते ५३, तेलंगणात ४३, महाराष्ट्रात १४ आणि गुजरातेत ६. आणि २०१६ पासून दारूबंदी असलेल्या बिहारात? १५ हून अधिक! शिवाय जेथे पिणे गुन्हा आहे तेथे दारात आलेल्या पाहणीवाल्याला सगळेच काही खरे सांगत नसतील. बंदी गुजरातेत आहे आणि बिहारातही आहे; मग फरक केवळ कायद्याचा कसा म्हणावा?

तो शीलाचाही नाही. अरुणाचलात घरच्या बायकाच तांदळाची अपोंग गाळतात. सणाला, पाहुण्याला ती दिली जाते. तेथे पिणाऱ्या स्त्रिया शेकडा २४, तर साऱ्या देशात १. त्या चोविसांना वाया गेलेल्या म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आपली नीती पेल्याकडे नव्हे, पेला धरणाऱ्याच्या हाताकडे पाहते. गोव्याच्या काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा ती वारसा ठरली. साहेबाच्या हातातली व्हिस्की प्रतिष्ठा ठरते. आदिवासी मोहाची गाळतो, ती मात्र हातभट्टी! गोऱ्या सरकारने १८७८ च्या अबकारी कायद्याने गावोगावचे गाळप आपल्या मुठीत घेतले आणि १८९२ मध्ये ठाणे-कुलाब्याकडे मोहाच्या फुलांवरही निर्बंध घातले. त्यामागे नीती किती आणि महसूल किती, हे वाचकांनीच ठरवावे. आपलाही १८७८ चा वारसा सुटलेला नाही. १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून पुस्तकात आहे. पिणाऱ्याने परवाना घ्यावा, आणि तोही आरोग्य राखण्यासाठी! नाव बंदीचे, गल्ला अबकारीचा.

'म्हणजे तुम्ही दारूची वकिली करता,' असे कोणी म्हणेल. मुळीच नाही. १९९२ साली नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावच्या बायकांनी अरकाची दुकाने बंद पाडली, आणि ते लोण आंध्रभर पसरले. 'आमच्या प्रांताची चालच अशी' हे उत्तर त्यांनी मानले नाही. मजुरी गुत्त्यात जाते आणि मार घरी येतो, हे त्यांना कोणत्याही पाहणीवाचून ठाऊक होते. प्रश्न कोणता प्रांत किती पितो हा नाही. त्याची किंमत कोण मोजतो, आणि मोजणाऱ्याला बोलण्याचा अधिकार आहे की नाही, हा आहे.

असा अधिकार महाराष्ट्राने दिला आहे, आणि त्याचा मला अभिमान वाटतो. गावच्या स्त्रियांनी मागणी केली की मतदान होते: दुकान राहावे म्हणणारीने उभ्या बाटलीवर शिक्का मारायचा, जावे म्हणणारीने आडव्या. पण मेख पाहा. २००८ च्या आदेशाने झालेल्या मतांच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला मागितली. ऊसतोडीला गेलेली, बाळंतपणाला माहेरी गेलेली, नवऱ्याच्या धाकाने घरातच बसलेली, या सगळ्यांची न पडलेली मते उभ्या बाटलीच्या पारड्यात! आमदार निवडताना आपण असा हिशेब करीत नाही. मग गुत्त्यालाच हा मान कशासाठी?

माझे मागणे एवढेच: जितकी मते पडतील, त्यांच्या निम्म्याहून अधिकांनी दुकान हलावे. परप्रांतीयांची तोंडे हुंगण्यापेक्षा आपल्याच गावची ही मेख उपटण्याला आपण यंदाच्या दिवाळीत आपला शब्द खर्च करावा.