टिंग! ऐकलंत का?

"अरे, गाणं सुरू होईपर्यंत पुढे ने ना!" मेहकरला जाताना मित्र म्हणाला आणि माझं डोकंच सटकलं. दुसरबीडला चहाला थांबलो. टपरीवाले काका ग्लासात चमचा फिरवत होते. टिंग टिंग. (चहा फर्स्टक्लास, ते सोडा.) म्हटलं, ऐक! 'चुरा लिया है'च्या सुरुवातीला पंचमदांनी १९७३ साली हेच तर वापरलंय, ग्लास आणि चमचा. आशाताईंनी तोंड उघडायच्या आधीच मैफल जमलेली असते! 'पडोसन'मधल्या खिडकीच्या गाण्यात तर चक्क कंगवा घासलाय. आणि तुम्ही नेमकं तेवढंच पळवता? म्हणे, गाणं म्हणजे शब्द, बाकी सगळं फिलर. मग कविता वाचा की राव, गाणी कशाला लावता?