पाना उचलण्यापूर्वी

समुद्रापासून शेकडो मैल दूर, यवतमाळला खेटून असलेल्या लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील मनुष्याने मासेमारीच्या बोटीच्या गिअरबॉक्सविषयी मत द्यावे, हा काहींना अनधिकार चेष्टेचा प्रकार वाटेल. परंतु ज्या रचनेविषयी हे लिहावयाचे आहे तिचा सख्खा भाऊ आमच्याकडे विहिरींच्या खोदकामावर आणि नाल्यांच्या खोलीकरणावर प्रत्यही राबत असतो. त्याचे नाव जेसीबी. चालकाने तरफ पुढे लोटली की क्लचचा एक संच आणि मागे ओढली की दुसरा, असे दोन संच तेलाच्या दाबाने आवळले जातात; आणि ससून डॉकला किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला लागणाऱ्या ज्या यांत्रिक बोटींत हायड्रॉलिक गिअर आहे, त्यांच्याही पोटात हाच व्यवहार चालतो. फरक इतकाच की जेसीबीत इंजिन आणि क्लच यांच्यामध्ये असलेला टॉर्क कन्व्हर्टर पहिला हिसका तेलातच जिरवितो, तर बोटीत बहुधा ती सोय नसल्यामुळे रबराच्या किंवा स्प्रिंगांच्या डॅम्पर प्लेटलाच तो सोसावा लागतो. (हा कन्व्हर्टर हर्मान फोटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५च्या सुमारास जहाजांच्या टर्बाइनसाठीच योजिला होता. तो जहाजावरून उतरला आणि आमच्याकडे मुरूम उपसावयास आला!)

गिअर टाकताच दणका बसू लागला, की गिअरबॉक्स निकामी झाला असा निवाडा देऊन तो उतरविण्याचा हुकूम सोडावयाचा, ही जी रीत आपल्याकडे रूढ झाली आहे, तिला माझा स्पष्ट विरोध आहे. आवाज गिअरबॉक्सपाशी ऐकू येतो एवढ्यावरून दोषही तेथेच असतो असे नाही. इंजिनाचा आयडलिंग वेग वाजवीपेक्षा जास्त ठेवलेला असणे, इंजिनाखालचे रबरी माउंटिंग बसलेले असणे, शाफ्टच्या कपलिंगचे बोल्ट सैल असणे, किंवा पंख्याची (प्रोपेलरची) चावी झिजलेली असणे, यांपैकी कोणतीही बाब तोच दणका उत्पन्न करू शकते. आणि यांतील बहुतेकांची तपासणी अर्ध्या दिवसात, जवळजवळ बिनखर्चात होते.

आवाजाच्या जाती ओळखणे हीही एक विद्या आहे. न्यूट्रलमध्ये मंद गतीवर खडखड चालते आणि वेग वाढविताच ती विरते, तेव्हा पहिला संशय डॅम्पर प्लेटवर घ्यावा. पंपाचा कर्कश सूर इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जात असेल, तर गाळणी तुंबली आहे किंवा तेल कमी पडून त्यात हवा शिरते आहे. तरफ टाकल्यावर क्षणभर काहीच न होता मग धाडकन पकड बसत असेल, तर केबल व्हॉल्व्हला पुरते ढकलते की नाही ते आधी पाहावे. कारण अर्धवट उघडलेल्या व्हॉल्व्हमुळे प्लेटा घसरत राहतात, आणि पाचशे रुपयांच्या दुरुस्तीचे रूपांतर पुढे हजारोंच्या खर्चात होते. मापपट्टीवरचे तेल दुधाळ दिसले, तर तेलात पाणी शिरत आहे हे निश्चित समजावे आणि पहिला संशय कूलरवर घ्यावा. ते काळवंडून जळकट वास येत असेल, तर प्लेटा भाजल्या आहेत. हे तेल काही कंपन्यांच्या गिअरमध्ये इंजिन चालू असतानाच मोजावयाचे असते आणि काहींत बंद केल्यावर. ही साधी गोष्ट न पाहता ‘तेल बरोबर आहे’ असे छातीठोकपणे सांगणारे कारागीर बंदरावरच असतात असे नव्हे; आमच्या वसाहतीतही ते मुबलक आहेत.

एवढ्याने उलगडा झाला नाही तर दाबमापक लावावा. गिअरबॉक्सवर त्यासाठी छिद्र ठेवलेले असते, आणि दाब किती असावा ते कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. पुढच्या आणि मागच्या दोन्ही गिअरांत दाब कमी भरला तर पंप, गाळणी किंवा रिलीफ व्हॉल्व्ह यांच्याकडे वळावे. एकाच गिअरात कमी भरला तर त्या बाजूच्या क्लचची सीले गेली असे धरावे. आणि आतल्या भागांचा दोष असा सिद्ध झाल्यावर मगच पाना उचलावा.

येथे कोकणातल्या रिवाजाची एक अडचण उभी राहते. १ जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी लागते, बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि दुरुस्तीची सारी कामे त्याच मुदतीत उरकली जातात. परंतु पंखा पाण्यात नसला म्हणजे गिअरवर भारच येत नाही, आणि जो दणका शोधावयाचा तो कोरड्यावर नीट उमटतच नाही. साहजिकच नाखवा सांगतो तांडेलाच्या आठवणीवरून, कारागीर उघडतो नाखव्याच्या सांगण्यावरून, आणि प्लेटा सुस्थितीत असूनही बदलल्या जातात. म्हणून मच्छीमार सहकारी संस्थांनी प्रत्येक बंदरावर एक दाबमापक आणि एक नोंदवही ठेवण्याची तजवीज करावी, आणि मे महिन्यातील अखेरच्या फेरीनंतर, तेल गरम असतानाच, बोट धक्क्याला घट्ट बांधून न्यूट्रल, पुढचा आणि मागचा असे तीन दाब तीत टिपून घ्यावेत.