एरर आधी वाचा तरी!

सुट्टीत छोटी-मोठी कामं करून साठवलेले पैसे, त्यात बाबांनी घातलेली भर आणि मित्रांना विचारून ठरवलेली पार्ट्सची यादी. स्वतः जोडलेला पहिला पीसी सुरू होतो, पंखे फिरतात आणि आपण लगेच स्टोरी टाकतो. खरी परीक्षा मात्र त्यानंतर असते. विंडोजचा पेनड्राइव्ह लावला, की स्क्रीनवर एरर! मग आपण काय करतो? त्यातले चार शब्द यूट्यूबवर टाकतो, पहिला व्हिडिओ लावतो आणि तो सांगेल ते टाइप करतो. मीही तेच केलं. म्हणून तर हे लिहितेय.

माझ्या पीसीत ५०० जीबीची नवी एसएसडी होती आणि घरच्या जुन्या कम्प्युटरमधून काढलेली हार्ड डिस्क, तीही ५०० जीबीचीच. तिच्यात घरचे फोटो होते. विंडोज टाकायला बसले तर डिस्क एकच दिसली. खाली मेसेज : या डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे, विंडोजसाठी जीपीटी लागेल. व्हिडिओतला दादा म्हणाला, डिस्कपार्ट उघडा, 'क्लीन' लिहा, मग 'कन्व्हर्ट जीपीटी'. लिहिलं. एरर गेला, मी खूश!

रात्री मशीन इतकं रडत का चाललंय, म्हणून पाहिलं. विंडोज जुन्या हार्ड डिस्कवर जाऊन बसलं होतं. रिकव्हरी सॉफ्टवेअरने काही फोटो परत मिळाले, आजोबांच्या पंचाहत्तरीचे नाही मिळाले. आई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

आता बघा, एररने मला सगळं सांगितलं होतं. नव्या कोऱ्या एसएसडीवर पार्टिशन टेबल येईल कुठून? म्हणजे दिसत होती ती जुनी डिस्क. एसएसडी का दिसत नाही, हा खरा प्रश्न होता आणि तो मी विचारलाच नाही. उत्तर साधं निघालं. इंटेलच्या अलीकडच्या बऱ्याच मशीनमध्ये बायोसमधलं व्हीएमडी हे सेटिंग चालू असतं. तेव्हा 'लोड ड्रायव्हर'वर क्लिक करून इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर द्यावा लागतो. काम दहा मिनिटांचं.

माझं म्हणणं एवढंच आहे : आपल्याला एरर समजून घ्यायचा नसतो, तो फक्त घालवायचा असतो. व्हिडिओवाला असो की चॅटबॉट, तुमच्या पीसीत कोणती डिस्क आहे आणि तिच्यात काय आहे, हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला माहीत नसतं. ते फक्त तुम्हाला माहीत असतं.

'एवढी कटकट कशाला, दुकानात दे की,' असं कुणी म्हणेल. जरूर द्या. पण जुन्या डिस्कमध्ये काय आहे, हे तिथेही तुम्हालाच सांगावं लागेल.

स्वतः करणार असाल, तर आधी जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा. एररचा फोटो काढा आणि तो शेवटपर्यंत वाचा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने काय झालं हे कळतच नाही. 'हा पीसी विंडोज ११ चालवू शकत नाही' असं आलं, तर लगेच विंडोज १० शोधत फिरू नका, त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. नव्या पीसीत बहुतेकदा बायोसमध्ये टीपीएम बंद असतं. इंटेलवर ते पीटीटी, तर एएमडीवर एफटीपीएम नावाने सापडेल. ते चालू करून पुन्हा प्रयत्न करा.

आणि 'क्लीन' लिहून एंटर दाबण्याआधी स्वतःला एकदा विचारा, ही डिस्क नक्की कोणती? मी विचारलं नव्हतं.