तबेल्यातील वीज आणि माणसाचा जीव

मालाड, गोरेगाव, जोगेश्वरी या उपनगरांतील तबेल्यांत राबणाऱ्या माणसांचा दिवस मध्यरात्रीनंतरच सुरू होतो. त्यांतील पुष्कळजण उत्तर भारतातून आलेले असून म्हशींच्याच छपराखाली त्यांचा मुक्काम असतो. पाण्याचा पंप, कडबा कापण्याचे यंत्र, पंखे, दिवे हे सारे विजेवर चालते. आणि पायांखालची फरशी मात्र शेण, मूत्र व धुण्याच्या पाण्याने बारा महिने ओली. मढ-मार्वेच्या किनाऱ्याकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने तारांचे जोड आणि अर्थिंगची पट्टी गंजते, ती वेगळीच. अशा जागी अपघात होत नाही तो केवळ दैवाने, व्यवस्थेने नव्हे.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर व्हावयास हवा. फ्यूज आहे म्हणजे धोका नाही, असे मालक समजतो आणि मजूरही. वस्तुतः फ्यूज तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. भिजलेल्या, अनवाणी माणसाच्या शरीराचा विरोध सुमारे एक हजार ओहमपर्यंत उतरू शकतो; २३० व्होल्टच्या तारेला त्याचा स्पर्श झाला तर त्याच्या देहातून सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहील. एवढा प्रवाह हृदयक्रिया बंद पाडण्यास पुरेसा आहे. परंतु पंधरा अँपिअरच्या फ्यूजच्या दृष्टीने तो पासष्टावा हिस्सा. तो वितळणार नाही. माणसाला वाचविते ते चांगले अर्थिंग आणि गळणारा प्रवाह तीस मिलिअँपिअरवरच तोडणारे उपकरण, ज्याला बाजारात ईएलसीबी म्हणतात. गुरांना तर माणसाला जाणवतही नाही इतका अल्प दाबही झोंबतो. लोखंडी हौदाशी म्हैस एकाएकी बिचकू लागली, तर तो तिचा हट्ट न मानता इशारा मानावा, हेच शहाणपणाचे.

मग कायदा काय करतो? १९४८ च्या कारखाने कायद्याने यांत्रिक शक्ती वापरणाऱ्या जागेसाठी दहा कामगारांची मर्यादा घातली होती. २०२० च्या संहितेने ती वीसवर नेली. पाच-सहा माणसांवर चालणारा तबेला या मोजणीत बसतच नाही. विजेचा कायदा मात्र डोकी मोजीत नाही. २००३ च्या विद्युत अधिनियमाने विजेच्या अपघाताची सूचना व चौकशी यांची तरतूद केली आहे, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा-विनियमांत गळती रोखणाऱ्या उपकरणाचीही. उणीव आहे ती नियम तबेल्याच्या दारापर्यंत नेणाऱ्याची.

तबेले शहराबाहेर जाणारच आहेत, तेव्हा उद्या उठणाऱ्या छपरावर आज खर्च कशाला, असा युक्तिवाद मालकवर्गाकडून केला जातो. शहरातील गुरे हलविण्यासाठी १९४९ मध्ये आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. तेव्हापासून हे स्थलांतर चालूच आहे आणि तबेले अजूनही आहेत. तबेला उद्या उठेलही. परंतु आज रात्री त्याच छपराखाली माणूस झोपणार आहे, त्याचे काय?

उपाय अवघड नाही. नागरी भागात गुरे पाळण्यास १९७६ च्या अधिनियमानुसार परवाना लागतो. अर्थिंगची तपासणी आणि ईएलसीबी यांचा दाखला असल्याखेरीज त्या परवान्याचे नूतनीकरण होऊ नये, आणि ही तपासणी दरवर्षी मृगापूर्वी व्हावी. सैल, उघड्या तारा छपराच्या बांबूला गुंडाळून ठेवण्याची सवलत कोणालाही असू नये. ईएलसीबीची किंमत एका दुभत्या म्हशीच्या किमतीपुढे नगण्य आहे. म्हैस दगावली तर मालक हिशेब मांडतो. मजूर दगावला तर गावाकडे निरोप जातो आणि दुसऱ्या पहाटे दूध नेहमीसारखेच घरोघर पोहोचते. हा हिशेब बदलण्याची जबाबदारी परवाना देणाऱ्या शासनावर आहे आणि ते दूध पिणाऱ्या शहरानेही ती शासनाला सोडू देता कामा नये.